फोंड्याच्या पावसात बोर्ड गेमची कार्डं: साठवणीच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

सगळे गेम कपाटातून काढून हॉलमध्ये लादीवर मांडले. पावसाच्या आत हे काम आटपायचं आहे. गेल्या आषाढात डोमिनियनची कार्डं भाजलेल्या पापडासारखी वळली होती आणि विंगस्पॅनच्या खोक्यात कोपऱ्यावर बुरशीचे ठिपके आले होते. घर जुनं, भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, आणि गेम ठेवतो ती खोली नेमकी पश्चिमेची. गेम माझे आणि दोन मित्रांचे, असे तिघांच्या मालकीचे, जागा माझी. रविवारी खेळायला ते दोघे मित्र, त्यांच्या बायका, माझा भाचा आणि भाच्याचे कॉलेजातले सोबती असतात. म्हणजे कार्डं हाताळणारे हात पुष्कळ.

एकूण कार्डं साडेसहा हजारांच्या घरात. पण हा आकडा कामाचा नाही, कामाची असतात ती मापं. व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसलो. टेराफॉर्मिंग मार्स ६३×८८ मिमी, म्हणजे नेहमीचं पोकरचं माप. विंगस्पॅन ५७×८७. डोमिनियन ५९×९१. कॅटान ५४×८०. तिकीट टू राइडची छोटी कार्डं ४४×६८. सेव्हन वंडर्स ६५×१००, आणि डिक्सिट ८०×१२०, ते कुठल्याच कप्प्यात मावत नाही. नेटवर बघून ‘स्टँडर्ड साइज’ म्हणून खोके घेणाऱ्यांनी इथेच थांबावं आणि पट्टी हातात घ्यावी.

जाडीही मोजली. शंभर उघडी कार्डं हलकी दाबून धरली की ३० मिमी. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर.

मापाइतकंच महत्त्वाचं म्हणजे गेम मांडताना कार्डं कशी लागतात. विंगस्पॅनमध्ये १७० पक्षी असतात, पण ते सगळे एकत्र पिसून एकच गड्डी होते. त्यांना डिव्हायडर (प्रकार वेगळे ठेवणारी मधली पट्टी) लावणं म्हणजे रिकामपणचा उद्योग. टेराफॉर्मिंग मार्सचंही तसंच. डोमिनियन वेगळं: दरवेळी दहा प्रकार निवडायचे, प्रत्येकाची दहा-दहा कार्डं टेबलावर मांडायची, आणि खेळ संपला की सगळ्यांच्या गड्ड्यांत मिसळलेली ती कार्डं पुन्हा वेगळी करायची. आमच्याकडे मूळ गेम आणि विस्तार (मूळ गेमला जोडायचे जादा कार्डांचे संच) मिळून डोमिनियनची १,९०० कार्डं आहेत. खरं काम एवढंच. बाकीच्या गेमना चांगलं झाकण मिळालं तरी पुरे.

२१ एप्रिल

स्लीव्ह, म्हणजे कार्डावर चढवायची प्लास्टिकची पातळ पाकिटं. सगळ्या कार्डांना घालायच्या नाहीत हे आधीच ठरवलं. जे पिसलं जातं त्याला स्लीव्ह, जे नुसतं पडून असतं त्याला नाही. कॅटानची ९५ संसाधन-कार्डं हातोहात फिरतात, त्यांना घातल्या. डिक्सिटची कार्डं त्या मानाने कमी पिसली जातात, ती तशीच.

डोमिनियनमध्ये अर्धवट काम चालत नाही. तांब्याची आणि इस्टेटची कार्डं सगळ्यात जास्त झिजतात म्हणून तेवढ्यांनाच स्लीव्ह घालावी असं वाटतं. पण ती इतर कार्डांबरोबर एकाच गड्डीत येतात, आणि पिसताना पाठीवरून ओळखू आलेलं कार्ड म्हणजे खूण केलेलं कार्ड. एका गड्डीत येऊ शकणाऱ्या सगळ्या कार्डांना एकाच जातीची, एकाच जाडीची स्लीव्ह लागते. घालायची तर १,९०० ना, नाहीतर एकालाही नको.

पातळ स्लीव्ह घेतल्या, भिंत ५० मायक्रॉनची. एका कार्डाला दोन भिंती, म्हणजे जाडीत ०.१ मिमी भर. ऐकायला किरकोळ, पण १,९०० कार्डांची रांग ५७ सेंमीवरून ७६ सेंमीवर जाते. खोका आधी आणि स्लीव्ह नंतर घेणाऱ्यांची पंचाईत होते ती याच १९ सेंमीत.

शंभरच्या पाकिटाला १२० रुपये पडले. वीस पाकिटं, २,४०० रुपये. त्यातल्या एका लॉटची उंची बाकीच्यांपेक्षा जेमतेम एक मिमी जास्त निघाली. डोळ्यांना दिसत नाही, पण गड्डी टेबलावर ठोकली की ती कार्डं वर डोकावतात. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. त्या स्लीव्ह आता खेळ मांडताना बाजूला राहणाऱ्या कार्डांना वापरतोय.

पीव्हीसीच्या स्वस्त स्लीव्ह घेऊ नका. नव्या असताना छान वाटतात, पण त्यातलं मऊपणासाठी घातलेलं रसायन कालांतराने बाहेर येतं आणि कार्डाला चिकटा येतो. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलं बघून घ्या. नाकाला नव्या रेनकोटसारखा वास आला तर परत करा.

५ मे

सुतार येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, १२ मिमीच्या प्लायचं खणांचं कपाट करू, खाली चॅनल घालू, पंचवीस वर्षं हलणार नाही. नमुन्याला एक खण करून घेतला. दिसायला देखणा. एमडीएफ स्वस्त पडलं असतं, पण पावसात ते कडांना फुगतं हे आमच्याकडच्या शू-रॅकने शिकवलं आहे.

आतल्या कप्प्यांसाठी सनबोर्ड (पाट्यांसाठी वापरतात तो प्लास्टिकचा बोर्ड) हवा होता. पाट्या रंगवणाऱ्याकडे त्याचे तुकडे स्वस्तात मिळतात. पण तो म्हणाला, “७ तारखेचं मतदान होऊन जाऊ दे, मग या. आत्ता श्वास घ्यायला वेळ नाही.” थांबण्याऐवजी स्टेशनरीच्या दुकानातून कागद चिकटवलेला फोमबोर्ड आणला. ५ मिमीची शीट, कटरने लोण्यासारखी कापली जाते.

१९ मे

फोमबोर्डचे कप्पे तयार. जोड फेव्हिकॉलने, टाचण्या टोचून रात्रभर वाळवले. डोमिनियनच्या कप्प्याची आतली रुंदी ६६ मिमी ठेवली. कार्ड ५९, स्लीव्हसकट ६१ आणि बोट आत जायला थोडी जागा. पहिल्यांदा ६३ ठेवली होती, कार्डं बसली पण बाहेर येईनात.

डिव्हायडर कार्डापेक्षा १२ मिमी उंच, वरच्या पट्टीवर नाव. नावाच्या पट्ट्या आधी पायऱ्यांसारख्या केल्या होत्या: पहिली डावीकडे, दुसरी मध्ये, तिसरी उजवीकडे. फोटोत फार छान दिसतं. पण मध्येच एक नवा प्रकार घुसवला की पुढच्या सगळ्या पायऱ्या मोडतात. सगळ्या पट्ट्या डावीकडे एका रेषेत घेतल्या.

मांडणी विस्तारानुसार: मूळ गेम, मग इन्ट्रीग, मग सीसाइड, असं. प्रत्येक विस्तारात प्रकार अकारविल्हे, म्हणजे इंग्रजी अकारविल्हे.

१६ जून

पाऊस लागला आणि फोमबोर्ड वाकला. सगळा नाही, लांब पट्ट्या मधोमध फुगल्या आणि ६६ मिमीची रुंदी काही ठिकाणी ६० वर आली, कार्डं अडकली. कारण सरळ आहे. फोम पाणी पीत नाही, पण दोन्ही बाजूंचा कागद पितो, आणि भिंतीकडची बाजू आणि आतली बाजू सारखी पीत नाही. जोडांपाशी बोट फिरवलं तर ओलसर लागलं आणि फेव्हिकॉलच्या रेघेवर राखाडी लव आली होती. सुताराचा देखणा खणही घट्ट बसला. ओढला की अख्खं कपाट हलतं. त्याला फोन केला. तो म्हणाला, “दिवाळीनंतर आपोआप सुटेल बघा.” सुटेलही, पण आम्ही जून ते सप्टेंबर याच काळात जास्त खेळतो. बाहेर जायची सोय नसते ना.

प्लायचं कपाट रद्द. रबराची कड आणि चार क्लिपा असलेले २० लिटरचे प्लास्टिकचे डबे आणले, एक ५५० रुपयांना. पारदर्शक घेतले, आतला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) झाकण न काढता वाचता यावा म्हणून.

हायग्रोमीटर तीन-साडेतीनशेचे छोटे डिजिटल. ते जे दाखवतात त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोघांत नऊचा फरक होता. तपासायची सोपी रीत आहे: बाटलीच्या बुचात स्वयंपाकाचं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घालायचं, मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. आत ७५ टक्के आर्द्रता होते, घरात २० अंश असो की ३०. माझ्या एकाने ७० दाखवले, दुसऱ्याने ७९. पाठीवर पेन्सिलीने ‘+५’ आणि ‘-४’ लिहून टाकलं. खोलीतली आर्द्रता दुरुस्तीसकट ८९.

२३ जून

सनबोर्ड मिळाला. निवडणुकीच्या पाट्यांचे कापलेले तुकडे, ३ मिमी आणि ५ मिमीचे, सगळा गठ्ठा ४०० रुपयांत. मागच्या बाजूला अर्ध्या घोषणा छापलेल्या आहेत, त्या आतल्या बाजूला घेतल्या. हा आरपार पीव्हीसी, कागद नाही, त्यामुळे पाणी प्यायचा प्रश्न नाही. कार्डाला थेट टेकणारी स्लीव्ह पीव्हीसीची नको, भिंत चालते; कडक पीव्हीसीत ते मऊ करणारं रसायन जवळपास नसतं, आणि मध्ये स्लीव्ह आहेच.

यावर फेव्हिकॉल चालत नाही, वाळला की सोलून निघतो. फेव्हिक्विकने झटपट जुळतं, पण त्याची वाफ आजूबाजूला पांढरट थर धरते. जोडलेल्या कप्प्यात लगेच कार्डं ठेवली तर तो थर स्लीव्हवर दिसतो. शेवटी चपला चिकटवायचा रबरी गोंद वापरला, दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं थांबून दाबायचा. त्याला उग्र वास असतो. कप्पे व्हरांड्यात ठेवले आणि वास पूर्ण जाईपर्यंत कार्डं घातली नाहीत. पावसात वास जायलाही वेळ लागतो.

कापताना एक लक्षात ठेवा: सनबोर्ड एका दमात कापायचा नाही. स्टीलची पट्टी घट्ट धरून हलक्या हाताने तीन-चार रेघा मारायच्या, मग टेबलाच्या कडेवर मोडायचा. जोर लावला की कटर तिरका जातो आणि भिंत एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ होते.

१४ जुलै

डबे भरले, प्रत्येकात २०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाकलं, क्लिपा लावल्या. डोमिनियनच्या डब्यांत आर्द्रता ८६ वरून ७१ वर आली आणि तिथेच अडून बसली. निळे दाणे गुलाबी झाले. तापवून परत घातले, पुन्हा गुलाबी. डबा गळतोय असं वाटून रबराची कड बदलली, टेप मारला. काही उपयोग नाही.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डब्यातली हवा कोरडी करायला जेल जवळजवळ लागतच नाही. २० लिटर हवेत पाणी असतं अर्धा ग्रॅमच्या आसपास. पाणी असतं कार्डांत. ५९×९१ चं कार्ड दीड ग्रॅमच्या थोडं वर भरतं, १,९०० कार्डं म्हणजे तीन किलो कागद. आमच्या खोलीतल्या हवेत राहिलेल्या कागदात त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे पाणी असतं, कोरड्या हवेत सहा-सात टक्के. ढोबळमानाने शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी बाहेर काढायचं आहे. जेल ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढंच पाणी धरतं. म्हणजे या कार्डांना अर्धा किलो जेल हवं. शिवाय स्लीव्हचं फक्त तोंड उघडं, त्यामुळे कागद पाणी सोडतो तेही सावकाश.

डबा चांगलाच होता. मी त्यात ओली कार्डं कोंडली होती. हवाबंद डबा ओल बाहेर ठेवतो तशी आतही ठेवतो.

जेल तापवण्याबद्दल: ११०-१२० अंशांना दोनेक तास. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते पोटात जायला नको; जेवण करायच्या ओव्हनमध्ये ते तापवू नका. माळ्यावरचा जुना ओटीजी त्यासाठी वेगळा काढला. पुढची खेप नारिंगी दाण्यांची घेतली, ते ओल धरली की हिरवे होतात.

२८ जुलै

कार्डं बेडरूममध्ये नेली. एसी ड्राय मोडवर, दार बंद, खाली टॉवेल. गड्ड्या भांडी निथळायच्या जाळीत सैल उभ्या केल्या, हवा मधून फिरेल अशा. बायको म्हणाली, “माणसांना पंखा आणि पत्त्यांना एसी.” बरोबर होतं तिचं, पण काही रात्रींत गड्ड्या खडखडीत झाल्या; हातात घेतल्यावर आवाजच वेगळा येतो. वळलेली कार्डं बरीचशी सरळ झाली. जी राहिली ती दोन सनबोर्डच्या मध्ये घालून वर शब्दकोश ठेवला.

त्याच खोलीत डबे भरले, क्लिपा तिथेच लावल्या आणि मग बाहेर आणले. गार डबा दमट खोलीत आणून लगेच उघडला तर चष्म्यावर धरतं तसं पाणी कार्डांवर धरेल, म्हणून त्या दिवशी उघडलेच नाहीत. १५० ग्रॅम जेल पुरलं. आर्द्रता ५४.

हे काम जानेवारीत केलं असतं तर एसीही लागला नसता. कोणी नव्याने सुरू करणार असेल तर दिवाळी ते होळी हा काळ धरा.

११ ऑगस्ट

मूळ रिकामे खोके माळ्यावर ठेवले होते. एकाच्या तळाशी कागद खरवडल्यासारखा दिसला आणि उजेड पडताच एक चंदेरी किडा फटीत पळाला. कसर. खोक्यांच्या कोपऱ्यांचा गोंद तिला आवडतो. वाळवी नाही हे नशीब.

डांबर गोळ्या ठेवायचा सल्ला दोघांनी दिला. बंद डब्यात तो वास कार्डांना कायमचा लागतो, आणि काही प्लास्टिकांना नॅफ्थलीन मऊ करतं. गेममध्ये प्लास्टिकची प्यादी असतात, तेव्हा नको. त्याऐवजी खोके चपटे करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केले आणि फ्रीजरमध्ये घातले. उणे १८-२० अंशांना पंधरवडाभर ठेवायचे. काढल्यावर पिशवी पूर्ण घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही.

एरवी आमच्या फ्रीजरमध्ये बांगडे आणि सुंगटांखेरीज (कोळंबीखेरीज) कशालाही जागा नसते. श्रावण असल्यामुळे तो रिकामा होता. पुढच्या वर्षी कोणाला हे करायचं असेल तर मुहूर्त हाच.

२५ ऑगस्ट

ओल आटोक्यात आली तर दुसरंच दुखणं पुढे आलं. रविवारी खेळून झालं की कार्डं चुकीच्या कप्प्यात जातात, आणि झाकणं नुसती टेकवलेली असतात. हायग्रोमीटर दर सोमवारी साठच्या वर.

आज भाचा आवरत असताना मुद्दाम गप्प बसून बघितलं. हातात डोमिनियनमधल्या ‘मार्केट’ या प्रकाराची दहा कार्डं घेऊन तो दोन डब्यांमध्ये उभा.

“मामा, हे कुठल्या डब्यातलं?”

“डिव्हायडरवर नाव आहे ना.”

“नाव आहे हो, पण आधी मूळमध्ये बघू की सीसाइडमध्ये? कार्डावर कुठे लिहिलंय?”

मला पाठ होतं म्हणून मी विस्तारानुसार लावलं होतं. पाहुण्याला कार्डाकडे बघून विस्तार कळत नाही. त्याला दिसतं ते नाव, चित्र आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात छापलेली खेळातली किंमत. मांडणी त्यातूनच निघायला हवी. मित्राच्या बायकोने तर मुळावरच बोट ठेवलं: “भाऊजी, अकरा वाजता घरी जायच्या घाईत कोण एबीसीडी लावत बसणार? एक टोपली ठेवा, सगळं त्यात टाकतो आम्ही.”

टोपली म्हटल्यावर अंगावर काटा आला. पण त्यातूनच मार्ग निघाला.

८ सप्टेंबर

काल चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घर पाहुण्यांनी भरलेलं, गेमच्या खोलीत माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवाचं) सामान, नारळ, गाद्या. सगळे डबे दोन दिवसांत तीन खोल्या फिरले. भरलेला डबा एका हाताने उचलता येत नाही, झाकणाच्या क्लिपेला धरून तर अजिबात उचलू नये. एक क्लिप तुटली. नव्या मांडणीला हात लावलेला नाही.

१५ सप्टेंबर

मांडणी आता किमतीनुसार. २, ३, ४, ५, आणि ६ व त्यापुढचे. प्रत्येक किमतीचे डिव्हायडर एका रंगाचे. रंगीत चार्ट पेपर न वापरता सनबोर्डवर रंगीत व्हिनायलची पट्टी. किमतीच्या आत इंग्रजी अक्षरक्रम, पण तो जरा पुढे-मागे झाला तरी शोधायला वीस-पंचवीस डिव्हायडरच बघायचे.

कप्पे समान करू नका. २००८ च्या मूळ पेटीत २५ प्रकार आहेत: २ किमतीचे तीन, ३ चे चार, ४ चे दहा, ५ चे सात आणि ६ चा एकच. विस्तार मिळून आमच्याकडेही ४ आणि ५ चीच गर्दी. मी पाच सारखे भाग पाडले होते, ते तोडून पुन्हा लावावे लागले. आता भिंती हलवता येतील अशा खाचांत बसवल्या आहेत, आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी थर्माकोलचा ठोकळा. कार्डं हलकी दाबलेली राहतात, नवा विस्तार आला की ठोकळा कापायचा. रांग सैल ठेवली तर कार्डं मागे झुकतात आणि झुकलेल्या अवस्थेतच वळतात. ते ओलीमुळे झालंय असं वाटत राहतं.

आणि टोपली. ती म्हणजे सनबोर्डचा दहा खाचांचा ट्रे. खेळ मांडताना निवडलेले दहा प्रकार डिव्हायडरसकट उचलून ट्रेमध्ये ठेवायचे, ट्रे टेबलाशेजारी. खेळ संपला की प्रत्येकाने आपली गड्डी दहा खाचांत वाटायची. तेवढं वेगळं करणं डोमिनियनमध्ये चुकतच नाही. डिव्हायडरवर आकडा लिहिला आहे: १०, आणि गार्डन्ससारख्या विजय-गुणांच्या कार्डांवर १२. खाचेत नऊ निघाली तर कोणाच्या तरी मांडीखाली एक आहे, आणि ती माणसं अजून घरातच आहेत. पूर्वी हे पुढच्या रविवारी कळायचं.

ट्रे एका छोट्या वेगळ्या डब्यात जातो. मोठे डबे खेळाच्या सुरुवातीला एकदा उघडतात, लगेच बंद होतात. ट्रेमधलं जागेवर लावणं माझ्याकडे, सोमवारी सकाळी चहाबरोबर. रंग आणि किंमत बघून पाच मिनिटांत होतं.

१० नोव्हेंबर

हायग्रोमीटर ५२ ते ५६ मध्ये. ऑक्टोबरात जेल एकदा तापवलं, बस.

हिशेब मांडला. डोमिनियनच्या स्लीव्ह २,४००, बाकीच्या गेमच्या १,९५०. डबे सहा, ३,३००. हायग्रोमीटर दोन, ६८०. जेल ९००. सनबोर्ड, गोंद, व्हिनायल मिळून १,१५०. एकूण १०,३८०. यात फुकट गेलेला फोमबोर्ड ७२० आणि सुताराचा खण २,२०० धरलेला नाही. खण आता आईच्या शिवणाच्या सामानाला आहे आणि सुतार म्हणाला होता तसा तो खरंच सुटला. एसीचं बिल कोणी काढू नये.

पैसे कमी असतील तर जाड स्लीव्ह सोडा, रंगीत व्हिनायल सोडा, एक हायग्रोमीटर पुरतो. झाकणाच्या रबरावर मात्र काटकसर करू नका. डबा घेताना दुकानातच कागदाची पट्टी झाकणात अडकवून क्लिप लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंना पट्टी सहज निघता कामा नये.

१२ जानेवारी २०२५

टेराफॉर्मिंग मार्सची मूळ २०८ प्रकल्प-कार्डं आणि विस्तारातली कार्डं वेगळी ठेवायची की एकत्र, यावर तिघांचं एकमत नाही. तूर्त एकत्र. वेगळी करायची वेळ आली तर विस्ताराच्या कार्डावर खूण छापलेली असते, हुडकायला त्रास नाही.

सेव्हन वंडर्सचा डबा राहिलाय. ६५×१०० ची स्लीव्ह दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्याकडे मागवली आहे. कार्डं तीन युगांत विभागलेली असतात आणि पाठीवर युगाचा आकडा असतो, त्यामुळे तीन कप्पे पुरतील. डिक्सिटसाठी आतली उंची १३५ मिमी तरी हवी, या डब्यांत ती १२८ आहे. आडवी ठेवून बघतो.